तो कुठे आहे म्हणे?

12 मार्च 2025 ला तो नाशिकच्या गंगापूर रोडवर दिसला. दत्त मंदिराजवळ, मोटारसायकलवर. ही बातमी मोबाइलवरून आमच्या दौलताबादेत पोचायला वेळ लागला नाही. किल्ल्यासमोरच्या एका हॉटेलात चहा येईपर्यंत एकाने त्याला नाशिकहून उचलून कन्नडच्या गौताळ्यात नेऊन ठेवलं होतं. "जंगल आहे, बिबटे आहेत, पोलीस कशाला मरायला जातात आत?" दुसऱ्याच्या मते तो केव्हाच नेपाळला गेला होता. तिसरा म्हणाला, "कसलं नेपाळ, तो राहिलाच नाही आता."

'तो' म्हणजे कृष्णा आंधळे. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं 9 डिसेंबर 2024 ला अपहरण करून खून झाला, त्यातला फरार आरोपी. नाशिक पोलिसांनी सीसीटीव्ही तपासलं. तो हाती लागला नाही.

खटला कोर्टात आहे, त्यावर निकाल द्यायला मी बसलेलो नाही. मला बोलायचंय ते त्या गोष्टीबद्दल, जी त्या काळात लाखो लोक मिळून रचत होते. चॅनेलवाले, यूट्यूबवाले, पुढारी, हॉटेलातले आपण सगळे. कथा-कादंबरीची करतो तशी या सामूहिक रचनेचीही समीक्षा व्हायला हवी असं मला वाटतं, कारण मराठवाड्यात त्या हिवाळ्यात कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त ऐकलं गेलेलं कथन तेच होतं.

सुरुवात भाषेपासून करू. मराठीत 'म्हणे' हा फार प्रामाणिक शब्द आहे. "तो पुण्यात आहे म्हणे" असं आजी म्हणते तेव्हा ती सांगून टाकते की मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं सांगतेय, तुझं तू ठरव. स्क्रीनवर आल्यावर हा शब्द गळून पडतो. त्याच्या जागी येतं 'सूत्रांची माहिती', किंवा नुसतं प्रश्नचिन्ह. "आंधळे नाशकात?" वाक्याचा अर्थ ऐकीवच राहतो, पण आवाज पुराव्याचा होतो. थंबनेलवर लाल गोल, बाण, धूसर केलेला चेहरा. आजीचा प्रामाणिकपणा तेवढा काढून घेतलाय.

दुसरी गोष्ट रचनेची. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचणाऱ्या पिढीलाही अंदाज बांधायची हौस होती, पण तिथे झुंजार किंवा काळा पहाड शेवटी काय करणार हे लेखकाला माहीत असायचं. अंदाज चुकला तरी शेवटच्या पानावर हिशोब मिटायचा. फरार माणसाच्या गोष्टीला लेखकच नसतो. त्यामुळे चुकलेला अंदाज कुणाच्याच नावावर पडत नाही, तो फक्त खाली सरकतो आणि वर नवा येतो.

डिसेंबरच्या अखेरीस काय झालं ते आठवा. खंडणीच्या गुन्ह्यात हवा असलेला वाल्मिक कराड सापडत नव्हता आणि खुनातले तीन आरोपीही फरार होते. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी सांगितलं की त्यांना रात्री एक फोन आला आणि त्या तिघांचा खून झालाय असं पलीकडून सांगण्यात आलं. ही माहिती त्यांनी पोलिसांनाही दिली. फोन आला तर पोलिसांना कळवणं बरोबरच होतं. पण त्याच दिवशी ती सगळ्या चॅनेलवर आली आणि तीन माणसं महाराष्ट्रापुरती मेली. 31 डिसेंबरला कराड गाडीत बसून पुण्यातल्या सीआयडीच्या कार्यालयात स्वतः हजर झाला. 4 जानेवारीला त्या तिघांपैकी दोघांना पुण्यातच अटक झाली. जिवंत. मग आदल्या आठवड्यातले नकाशे आणि चर्चा कुणी मागे घेतल्या? मी तरी पाहिलं नाही. तिसरा सापडला नव्हता, एवढ्यावर गोष्ट पुढे चालू राहिली.

हे फक्त आपल्याकडचं नाही. 2019 च्या जुलैमध्ये कॅनडाच्या उत्तर ब्रिटिश कोलंबियात तीन माणसांचे खून झाले. संशयित दोन कोवळी पोरं होती. आधी पोलिसांनी त्यांना बेपत्ता म्हणून जाहीर केलं, मग संशयित म्हणून. तीन हजारांहून जास्त किलोमीटर दूर, मॅनिटोबातल्या गिलम गावाजवळ त्यांची जळालेली गाडी मिळाली. पुढे नुसतं जंगल, दलदल आणि डास. ड्रोन आले, कुत्री आली, लष्कराचं विमानही आलं. मग यॉर्क लँडिंग या आदिवासी वस्तीच्या कचऱ्याच्या ढिगाजवळ दोन उंच मुलं दिसल्याची खबर आली आणि सगळा फौजफाटा तिकडे वळला. गावाने दारं लावून घेतली. तिथे काहीच सापडलं नाही. 7 ऑगस्टला दोघांचे मृतदेह नेल्सन नदीजवळ मिळाले, जळालेल्या गाडीपासून आठेक किलोमीटरवर. जग त्यांना देशभर पळवत होतं, आणि ती होती तिथेच, मेलेली. त्यांनी मागे ठेवलेले व्हिडिओ पोलिसांनी लोकांना दाखवले नाहीत. खून का केले, याचं उत्तर त्यांत नव्हतंच.

मी दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवतो, कारण त्यांच्यातला फरक मला जास्त बोलका वाटतो. गिलमचं रान खरं होतं. आपल्याकडे हॉटेलात बसून आपण गौताळ्याचं रान काढलं, बालाघाटाचे डोंगर काढले, कर्नाटकची सीमा काढली. पण मस्साजोग प्रकरणात त्या तीन फरार आरोपींपैकी जे दोघे सापडले ते पुण्यात सापडले. म्हणजे माणूस लपतो तो झाडांत नाही, ओळखीपाळखीत लपतो. हे हॉटेलातल्या त्या तिघांनाही पक्कं माहीत होतं. म्हणून तर गप्पा बिबट्यावरून सुरू होऊन पाचव्या मिनिटाला आडनावावर येत होत्या. कुणाच्या घरी असेल? 'त्यांच्यातल्याच' कुणाच्या. मराठा आणि वंजारी ही दोन नावं मोठ्याने घेतली जात नव्हती, आवाज खाली करून घेतली जात होती. एका माणसाचा शोध घेता घेता एक अख्खी जात आश्रयदाती ठरत होती.

याचं सगळ्यात लख्ख चिन्ह कुठल्या लेखात नाही, बीड पोलिसांच्या छातीवर आहे. डिसेंबरमध्ये नेमलेले पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या नावाच्या पट्टीवरून आडनाव काढायला लावलं. फक्त पहिलं नाव. आडनाव वाचून लोक तपासाचा निकाल लावत असतील, तर अधिकारी दुसरं काय करणार? उपाय वरवरचा आहे असं मलाही वाटतं, पण तो करावासा वाटला यातच तेव्हाच्या हवेचं वर्णन आहे.

आमच्या किल्ल्यातल्या अंधारीत गाइड सांगतात की दोन वाटांनी शिरलेले शत्रूचे सैनिक काळोखात एकमेकांनाच कापायचे. खरं-खोटं देवगिरीलाच ठाऊक. फेरिश्ता मात्र लिहून ठेवतो की 1296 साली अलाउद्दीन खलजीने मागून मोठी फौज येतेय अशी आवई उठवली होती, आणि ऐन लढाईत त्याच्याच एका तुकडीची धूळ बघून यादवांच्या सैन्याला ती फौज आली असं वाटलं. थोडक्यात, अफवेचा अनुभव या गावाला जुना आहे.

पण सगळ्या कुजबुजीला एकाच तराजूत तोलणं मला मान्य नाही. शहरातले काही जण "लोकांनी गप्प बसावं, तपास पोलिसांवर सोडावा" असं म्हणत होते, ते तर अजिबातच नाही. 1 जानेवारी 2025 ला मस्साजोगचे लोक, बायका-माणसं, तळ्याच्या पाण्यात उतरले. पोलीस अधीक्षकांना तिथे यावं लागलं. जानेवारीतच देशमुखांचे भाऊ पाण्याच्या टाकीवर चढले. ही माणसंही "आरोपी कुठे आहेत?" हेच विचारत होती. फरक एवढाच की त्यांनी तो प्रश्न ज्याने उत्तर द्यायला हवं त्याच्याकडे रोखून धरला होता. हॉटेलात आणि स्टुडिओत त्याच प्रश्नाचं उत्तर आपण परस्पर देऊन टाकत होतो. "नेपाळला गेला" म्हटलं की विषय संपतो, पोलिसांनाही सोयीचं होतं. "दिसला" म्हटलं की दोन दिवस सीसीटीव्ही तपासण्यात जातात.

आणि या सगळ्यात संतोष देशमुख कुठे होते? 3 मार्चला आरोपपत्रातले फोटो बाहेर आले आणि ते थेट स्टेटसवर गेले. दुसऱ्या दिवशी मंत्री धनंजय मुंडे यांचा राजीनामा झाला. त्या फोटोंनी सरकार हललं हे खरंच आहे. पण आज विचारलं तर बहुतेकांना देशमुख आठवतात ते फक्त त्या फोटोंतले. ते या प्रकरणात ओढले गेले कसे, हे सांगायला माणूस अडखळतो. गावाजवळ पवनचक्की कंपनीचं काम चालू होतं. दोन कोटींच्या खंडणीचा आरोप त्याच कंपनीच्या संदर्भातला आहे. 6 डिसेंबरला तिथल्या वॉचमनला मारहाण झाली, तेव्हा सरपंच म्हणून देशमुख मध्ये पडले. तीन दिवसांनी ते गेले.

या प्रकरणावरचं मला वाचायचंय ते तिथलं. दुष्काळी माळावर पवनचक्की येते तेव्हा जमिनीचा करार कोण करून देतं, वॉचमनची नोकरी कुणाच्या शब्दावर मिळते, खडी आणि मुरमाचं कंत्राट कुणाकडे जातं, आणि भांडण झालं की रात्री-अपरात्री फोन सरपंचालाच का येतो. यात कुणी पळत नाही, ड्रोन उडत नाही, लाल गोल काढायला चेहरा नाही. मराठवाड्यातल्या एखाद्या गावात वर्षभर राहून कुणी हे लिहिलं, तर मी ते फोनवर, एका बैठकीत, रात्र झाली तरी वाचून काढीन.