निर्जन किनाऱ्याची कल्पना

कोंकणच्या सृष्टिसौंदर्याचें वर्णन हा मराठी वाङ्मयांतील एक सर्वमान्य विषय होऊन बसला आहे. नारळीपोफळीच्या बागा, रुपेरी वाळू, पाण्यांत उभा असलेला शिवछत्रपतींचा सिंधुदुर्ग आणि या सर्वांवर उतरणारी संध्याकाळ, एवढी सामग्री जुळली कीं निबंध सिद्ध होतो. आजवर आम्ही या वर्णनांना निरुपद्रवी समजत होतों. परंतु पर्यटनाच्या जाहिराती लक्षपूर्वक वाचूं लागल्यापासून आमचें मत पालटलें आहे. त्यांची भाषा जाहिरातदारांनीं नव्यानें घडविलेली नाहीं. ती आमच्याच ललितलेखनांतून उचललेली आहे. तेव्हां तिच्या दोषांचा जाब प्रथम साहित्यालाच विचारला पाहिजे.

या भाषेंतील किनाऱ्यावर माणूस नसतो, हा तिचा मुख्य दोष. 'अस्पर्श', 'निवांत', 'निर्जन' हीं तिचीं आवडतीं विशेषणें. आतां मालवणपासून शिरोड्यापर्यंत खरोखर निर्जन असें स्थळ कोणतें? पाहुण्याला जी केवळ मोकळी वाळू दिसते, तिच्यावर रापणकर होड्या ओढून ठेवतात, जाळीं वाळवितात, आणि रापण ओढावयास सारी वाडी दोराला हात लावते. तांबळडेग व वायंगणी येथें थंडीच्या दिवसांत त्याच वाळूंत समुद्रकासवें अंडीं घालतात. किनाऱ्यामागील कातळाच्या सड्याला व्यवहारांत 'पडीक' म्हणण्याची रीत आहे. परंतु पावसाळ्यांत तोच सडा गवतानें व रानफुलांनीं भरून जातो, गुरें त्यावर चरतात, आणि त्याच्या भेगांतून मुरलेलें पाणी खालच्या वाडीच्या विहिरींना मिळतें. 'पडीक' म्हणतांच मात्र त्या जमिनीचा निकाल लागून जातो. जेथें कोणी राहत नाहीं व कांहीं पिकत नाहीं, तेथें जें उभारावें तो विकासच ठरतो.

शब्दांपासून कृतीपर्यंतचें अंतर फार नसतें. १९८१ सालीं निर्माण झालेला हा जिल्हा १९९७ सालीं पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. शिरोडें-वेळागर येथें १९९० नंतरच्या दशकांत पर्यटनासाठीं जमीन घेण्यांत आली. २०२१ सालीं राज्य मंत्रिमंडळानें तिच्यापैकीं सुमारें ५४ हेक्टर जमीन ९० वर्षांच्या भाडेपट्ट्यानें ताज समूहास देण्याचा निर्णय घेतला. ग्रामस्थांनीं वेळोवेळीं विरोध केला. ज्या शिरोड्यांत १९३० सालीं मिठाचा सत्याग्रह झाला, त्या गांवाला समुद्राच्या देण्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न नवा नाहीं. किनाऱ्याच्या रक्षणासाठीं १९९१ सालीं जी अधिसूचना निघाली, तिनें ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरांपर्यंत नवें बांधकाम बहुतांशीं वर्ज्य ठरविलें होतें. २०१९ च्या अधिसूचनेनें दाट वस्तीच्या ग्रामीण भागापुरती ही मर्यादा ५० मीटरांवर आणली.

निसर्गाचे कैवारीही या दोषापासून मुक्त नाहींत, हें न्यायासाठीं सांगितलें पाहिजे. १९८७ सालीं मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालें, तेव्हां त्यास मच्छीमारांनीं विरोध केला. कारण प्रवाळांच्या व माशांच्या त्या नकाशांत आपल्या जाळ्याला जागा राहील कीं नाहीं, ही धास्ती त्यांना होती. हॉटेलाचा नकाशा काय किंवा अभयारण्याचा काय, दोन्ही कोऱ्या कागदावर काढले जातात.

यावर कोणी म्हणेल कीं, मुंबईच्या मनिऑर्डरीवर जगणाऱ्या या प्रदेशांत पर्यटनामुळें तरुणांना गांवांतच धंदा मिळाला. हें आम्हांस मान्य आहे. तारकर्ली-देवबागेंत अनेक कुटुंबांनीं स्वतःच्या घरांत पाहुण्यांची सोय केली, स्वतःच्या होड्यांतून त्यांना समुद्र दाखविला. परंतु आपल्या ओटीवर पाहुण्याला माशाचें कालवण वाढणारा यजमान आणि आपल्याच पूर्वीच्या जमिनीवर गणवेष घालून दार उघडणारा चाकर, या दोघांना 'रोजगार' या एका शब्दांत कोंबणें हा विचाराचा आळस आहे. कोंकणचा कॅलिफोर्निया करण्याची घोषणाही त्याच आळसाची. ज्या भूमीची थोरवी ती दुसऱ्या भूमीसारखी होण्यांतच दिसते, तिच्यावर आपलें प्रेम आहे असें कसें म्हणावें?

सुदैवानें साहित्याला दुसरी परंपराही आहे. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'कोंडुरा'ची भूमी कोणाच्याही सहलीसाठीं सजलेली नाहीं. तेथला समुद्र माणसाच्या मनांतील भय जागें करतो. जयवंत दळवींच्या 'सारे प्रवासी घडीचे'मध्यें गांव म्हणजे माणसांची गर्दी आहे, देखावा नव्हे. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'मध्यें तर १९८० सालीं मालवणी माणूस स्वतःच्या बोलींत रंगभूमीवर बोलूं लागला. या लेखकांचें कोंकण जाहिरातींत घालतां येत नाहीं, हीच आमच्या मतें त्यांच्या खरेपणाची कसोटी होय. यापुढें कोंकणावरील कोणतेंही लेखन हातीं आल्यास वाचकांनीं त्यांत माणूस कोठें उभा आहे, हें प्रथम पाहावें.

आचऱ्याला ठराविक वर्षांनीं गांवपळण होते. रामेश्वराच्या कौलानें सारा गांव गुराढोरांसह वेशीबाहेर जातो, तीन दिवस झोपड्यांत राहतो. त्या तीन दिवसांत किनारा खरोखर निर्जन असतो. परंतु पुन्हां कौल होतो, आणि गांव घरीं परततो. आज ज्या निर्जन किनाऱ्याची हौस आम्ही लेखकांनीं शहरांना लावली आहे, तो साधण्यासाठीं उठविलेल्या गांवाला परतीचा कौल कोण देणार?