शाश्वत पर्यटन नियोजनातील ‘भागधारक’ : माथेरानच्या संदर्भात एक चिकित्सा

विकसनशील देशांतील शाश्वत पर्यटन नियोजनाविषयीच्या लेखनात स्थानिक रहिवासी, व्यावसायिक, प्रशासन व पर्यटक यांची मते प्रश्नावलीद्वारे जमवून त्यांचा गोषवारा मांडण्याची पद्धत रूढ झाली आहे. या सर्व घटकांसाठी मराठीत ‘भागधारक’ हा शब्द योजला जातो. हा शब्द मूळचा कंपनीच्या समभागांचा. तेथे प्रत्येकाची जोखीम त्याच्या भागाइतकीच असते. माथेरानमध्ये मात्र ज्याचा भाग सर्वांत लहान, त्याच्याच अंगावर सर्वाधिक भार पडला, असे दिसून येते.

कर्जत तालुक्यातील या गिरिस्थानाला १९०७ मध्ये नेरळहून लोहमार्ग आला. ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने केंद्र शासनाने माथेरान व भोवतालचा परिसर पर्यावरण संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. मोटारबंदीमुळे येथील वनश्री व शांतता टिकली, हे निर्विवाद आहे. परंतु दस्तुरी नाक्यापासून पुढे प्रवासी व सामान वाहून नेण्याचे काम घोडे, हमाल आणि हातरिक्षा ओढणारे यांच्याकडेच राहिले. लाल मातीच्या चढावर माणसाने माणसास ओढणे ‘पर्यावरणपूरक’ गणले गेले. ओढणाऱ्यास विचारून ही संज्ञा ठरली असेल, असे वाटत नाही.

हातरिक्षाचालकांनी ई-रिक्षाची मागणी केली, अश्वपालकांनी तीस विरोध केला. प्रश्नावलीच्या तक्त्यात ही मते ‘सहमत’ व ‘असहमत’ या रकान्यांत बसतात. दोहोंमागील पोटाचा प्रश्न मात्र रकान्याबाहेर राहतो. परवानाधारक हातरिक्षा अवघ्या ९४. केवळ संख्याबळावर निर्णय झाला असता, तर त्या ओढणाऱ्यांचा आवाज टिकणे कठीण होते. सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीने डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रायोगिक वापर सुरू झाला. ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने हातरिक्षेची प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला आणि निधीच्या अभावाची सबब चालणार नाही, असेही बजावले. या निर्णयाचा आधार बहुमत नव्हता. मानवी प्रतिष्ठा हा होता. मतसंकलनावर विसंबणाऱ्या अभ्यासपद्धतीस हे तत्त्व सामावून घेता आलेले नाही, ही तिची मूलभूत मर्यादा होय.

शेजारच्या खालापूर तालुक्यात हीच मर्यादा अधिक भीषण रूपात जाणवते. इर्शाळगडावर जाणारे गिर्यारोहक इर्शाळवाडी या ठाकर वस्तीतून पुढे जात. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून ही वाडी गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले. शोधकार्य थांबले तेव्हा ५७ जण बेपत्ता होते. पर्यटनाविषयीची एखादी प्रश्नावली त्यापूर्वी या वाडीत नेली असती, तर येणाऱ्यांची संख्या, त्यांचे जेवण, त्यांनी टाकलेला कचरा यांवरील मते व्यवस्थित नोंदली गेली असती. घरांमागच्या उताराविषयीचा प्रश्न तिच्यात असण्याचे कारण नव्हते, कारण तेथे येणाऱ्या पाहुण्याचा त्या उताराशी संबंध फक्त चढण्यापुरता होता.