अवधानदोष असलेली बालके व मिथ्या स्मृती : एका चाचणीची चिकित्सा

अवधानदोष असलेल्या बालकाची आठवण विश्वासार्ह नसते, असा समज शिक्षणक्षेत्रात आढळतो. त्याच्या पुष्ट्यर्थ शब्दयादीच्या प्रयोगांचा आधार घेणे कितपत योग्य आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

ही पद्धती मूळची जेम्स डीज यांची (१९५९). हेन्री रोडिगर व कॅथलीन मॅकडरमॉट यांनी १९९५ मध्ये तिचे पुनरुज्जीवन केले. 'अंथरूण, उशी, स्वप्न, जांभई' अशी यादी ऐकविली असता, यादीत नसलेला 'झोप' हा शब्दही ऐकल्याचे अनेकांना ठामपणे आठवते. मात्र ही चूक घडण्यासाठी शब्दांमागील समान आशय आधी मनात जुळावा लागतो. चार्ल्स ब्रेनर्ड व व्हॅलरी रेना यांच्या उपपत्तीनुसार अनुभवाचे दोन ठसे उमटतात : एक शब्दशः, दुसरा आशयाचा. आशय जुळविण्याची क्षमता वयानुसार वाढते. म्हणूनच या चाचणीत लहान मुलांपेक्षा प्रौढांच्या मिथ्या स्मृती सामान्यतः अधिक आढळतात. येथील चूक ही एका अर्थी आकलनाचीच खूण होय.

अवधान विचलित झाल्यास दोन्ही ठसे क्षीण राहू शकतात. अशा बालकाने 'झोप' हा शब्द सांगितला नाही, एवढ्यावरून त्याची स्मृती अचूक ठरत नाही. उलट असंबद्ध शब्दालाही ते घाईने 'होय' म्हणत असेल, तर तो दोष स्मृतीपेक्षा आवेगाचा असू शकतो. खरे शब्द, संबंधित मिथ्या शब्द व असंबद्ध शब्द यांना मिळालेल्या प्रतिसादांची स्वतंत्र नोंद न करता काढलेला निष्कर्ष म्हणूनच सदोष ठरतो.

शिवाय, यादीतून आपोआप उद्भवणारी चूक आणि इतरांनी सुचविल्यामुळे होणारी चूक या भिन्न गोष्टी आहेत. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडी प्रकरणात १९८३ मध्ये आरोप झाले. १९९० मध्ये एकही दोषसिद्धी न होता ते संपले. तेथे टीकेचा रोख मुलांच्या अवधानावर नव्हता, तर सूचक व पुनःपुन्हा विचारलेल्या प्रश्नांवर होता.

भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ नुसारही साक्षीदाराची पात्रता प्रश्न समजणे व त्यांची सुसंगत उत्तरे देणे यांवर ठरते. निदानाच्या शिक्क्यावर नव्हे. तेव्हा बालकाच्या कथनावर अविश्वास दाखविण्यापूर्वी त्याला प्रश्न कोणी, कसे व किती वेळा विचारले, हे तपासणे अगत्याचे आहे. अन्यथा सर्वाधिक संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचीच तक्रार ऐकण्याआधी फेटाळली जाईल.