आटणे आणि गळणे : एका संज्ञेची चिकित्सा

समुद्रजलाच्या घरगुती जलजीवालयात, विशेषतः प्रवाळ जगविणाऱ्या टाकीत, वाफ होऊन गेलेल्या पाण्याची जागा गोड्या पाण्याने आपोआप भरून काढणारी एक योजना असते. तिला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या अकोला-अमरावतीकडील वाचकास क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. वास्तविक त्या योजनेतील वैगुण्य आणि तिच्या नावातील वैगुण्य ही एकाच ठिकाणी दडलेली आहेत, आणि ते ठिकाण दाखविण्यास वऱ्हाडची बोली व वऱ्हाडचे पाणी ही दोन्ही फार उपयोगी पडतात. (भारतात अश्मप्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, तेव्हा येथील हौशी मनुष्याने माशांवरच समाधान मानावे हे बरे. मिठाचा हिशेब दोन्हीकडे सारखाच.)

भाषांतर करू जाता पहिल्याने सुचणारा शब्द 'स्वयंचलित पुनर्भरण' हा होय. 'भूजल पुनर्भरण' ह्या प्रयोगामुळे तो महाराष्ट्रात रुळलेला आहे, आणि नेमके हेच त्याच्याविरुद्ध आहे. पुनर्भरण म्हणजे जे गेले तेच परत घालणे, असा त्याचा सहज बोध होतो. समुद्रजलाच्या टाकीत तसे केले तर अनर्थ होईल, कारण गेले ते निव्वळ पाणी. मीठ मागेच राहिले आहे. गेले तसले, म्हणजे खारे, पाणी घालीत राहिल्यास टाकी दिवसेंदिवस अधिक खारट होत जाईल. उलटपक्षी ठराविक दिवसांनी जे जुने खारे पाणी काढून नवे खारे पाणी घालतात, ती क्रिया 'पाणी बदलणे' ह्या नावाने ओळखली जाते. 'भरणे' आणि 'बदलणे' ह्यांची मोघम योजना करणारा लेखक नवशिक्याच्या हातून मासे मारवितो, असे म्हणण्यास हरकत नाही.

हा भेद दाखविण्यास नवा संस्कृत शब्द घडविण्याची गरज नाही. मराठीत 'आटणे' हे क्रियापद आहे. दूध आटते तेव्हा त्याचे माप घटते, पण सत्त्व भांड्यातच राहून दाट होते. म्हणूनच 'आटीव दूध' हे उण्या दुधाचे नव्हे, घट्ट दुधाचे नाव ठरले. 'गळणे', 'सांडणे', 'झिरपणे' ह्या क्रियांत सत्त्वही द्रवाबरोबर जाते. विहीर किंवा नदी 'आटली' असे म्हणताना हा काटेकोरपणा सुटतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु चुलीवरच्या भांड्यापुरता शब्दाचा अर्थ निःसंदिग्ध आहे, आणि जलजीवालय हे अशा भांड्याचेच भावंड होय.

हिशेबासाठी २०० लिटरची टाकी घेऊ. समुद्रजलात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार धरले, तर टाकीत एकूण ७,००० ग्रॅम झाले. रोज ४ लिटर पाणी आटू लागले आणि पाच दिवस कोणी पाहिले नाही, तर उरलेल्या १८० लिटरांत लिटरमागे जवळजवळ ३९ ग्रॅम क्षार होतात. वीस लिटर निर्मळ पाणी घातले की प्रमाण पुन्हा ३५ वर येते. आता तेच वीस लिटर सांध्यातून गळून गेले असे समजा. प्रमाण ३५ च राहील, पण क्षार ६,३०० ग्रॅमच उरतील; आणि ती तूट निर्मळ पाण्याने भरली, तर प्रमाण ३१.५ वर घसरेल.

येथे यंत्राचा दोष उघड होतो. खालच्या टाकीत बसविलेला तरता खटका पाण्याची पातळी तेवढी जाणतो. पातळी उतरली की तो पंप सुरू करतो. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर पातळी हे एक चिन्ह आहे आणि त्याला दोन अर्थ आहेत : आटले आणि गळले. माणूस जमिनीवरची ओल पाहून संदर्भाने अर्थ ठरवितो. खटक्याला संदर्भ नाही. दोन्ही प्रसंगी तो एकच उत्तर देतो, आणि दुसऱ्या प्रसंगी ते चूक असते. प्रकाशकिरणावर चालणारा खटका घेतला तरी हा दोष जात नाही. तो वाचतो तेही पातळीच.

'गोडे' ह्या शब्दाचीही अशीच तपासणी करणे अवश्य आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात 'गोडे पाणी' म्हणजे पिता येण्याजोगे पाणी; ते क्षारहीन असते असा त्याचा अर्थ नव्हे. तेथील उन्हाळ्यातला कूलर ह्याची साक्ष देतो. त्याच्या टबातही तरता गोळा असतो, तोही आटलेले पाणी आपोआप भरून काढतो. तरी हंगामाच्या अखेरीस ताट्यांवर पांढरा थर चढतोच, कारण भर पडणाऱ्या प्रत्येक बादलीबरोबर थोडे क्षार येतात आणि ते परत जात नाहीत. टब अधूनमधून रिता करण्यामागचे कारण हेच होय. जलजीवालयात घालावयाचे पाणी म्हणूनच बोअरचे वा नळाचे चालत नाही. गाळणयंत्रातून क्षार काढलेलेच लागते.

लोणारचे सरोवर ह्याच नियमाचे मोठे उदाहरण आहे. बाहेर वाहून जाण्यास वाट नाही, काठावरून गोड्या पाण्याची धार येते, पाऊस येतो आणि ऊन आटविते. जून २०२० मध्ये पातळी उतरून क्षारता वाढली, तेव्हा मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तेथील पाणी गुलाबी झाले. तेथे पातळी राखणारा खटका नाही.

ह्या सर्वांवरून 'आटभरणी' हा शब्द आम्ही सुचवितो. तो थोडा घरगुती आहे, आणि 'क्षारहीन पाण्याची' हे विशेषण त्याला जोडावेच लागेल. परंतु काय गेले हे तो सांगतो, जे 'पुनर्भरण' सांगत नाही. 'स्वयंचलित' हे विशेषण मात्र जपून वापरावे. साठ्याची टाकी २० लिटरची असेल, तर खटका अडकून सर्व साठा आत आला तरी (पाणी मावले असे धरून) प्रमाण सुमारे ३१.८ पर्यंतच उतरते. साठा ५० लिटरचा असेल तर ते २८ होते. म्हणून साठा लहान ठेवावा, पहिल्याच्या वर दुसरा खटका बसवावा, त्यावर चढणारे मीठ पुसावे, आणि आठवड्यातून एकदा क्षारतामापकाने टाकीतील पाणी तपासावे. रोज किती पाणी आटते ह्याची नोंद असली, म्हणजे एखाद्या दिवशी पंपाने दुप्पट पाणी घातले तर त्याचा अर्थ लावता येतो.