सीझरचा गुन्हा आणि आमचे शब्द

शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'वरच्या गाइडांत स्वभावचित्रणे ठरलेली असतात. ब्रूटस थोर, कॅसियस मत्सरी, अँटनी धूर्त, सीझर गर्विष्ठ. बी.एड.च्या पाठटाचणात आम्हीही असेच रकाने भरले होते. देऊळगाव राजाला उर्दू माध्यमाच्या मुलांना हे नाटक सांगू लागलो, तेव्हा कळले की अडचण पात्रांची नाही, शब्दांची आहे. शब्द ठरला की पात्राचा निकालही लागून जातो.

कथा समजावताना कष्ट पडत नाहीत. जवळच सिंदखेड राजाला लखुजी जाधवांची समाधी आहे. १६२९ मध्ये दौलताबादला निजामशाहाच्या भर दरबारात त्यांची मुलांसह हत्या झाली, हे आमच्या वर्गाला ठाऊक असते. तिथे राजाने सरदार मारला; रोममध्ये इ.स.पू. ४४ च्या १५ मार्चला सरदारांनी सत्ताधीश मारला. एवढे सांगितले की मुले सरसावून बसतात.

खरी गोम आहे ती 'अँबिशन' या शब्दात. याच दोषासाठी सीझरला मारले, असे ब्रूटस लोकांना सांगतो. मराठीत 'महत्त्वाकांक्षा' म्हणावे, तर तो शब्द आपण गुणवंतांच्या सत्कारात वापरतो. मुले विचारतात, मग मारले कशाला? उर्दूत 'हवस' म्हणावे, तर खटला चालण्याआधीच सीझर दोषी ठरतो. मग त्याने तीनदा मुकुट नाकारला, गरिबांसाठी डोळे ओले केले, या अँटनीच्या दाखल्यांना अर्थच उरत नाही. आमच्या मते उर्दूत 'जाहतलब' आणि मराठीत 'सत्ताकांक्षी' हे शब्द तोल राखतात. तोल हवाच, कारण नाटककाराने तो मुद्दाम राखला आहे. ब्रूटस एकांतात स्वतःशी कबूल करतो, की सीझरने अजून काही केलेले नाही. मुकुट मिळाल्यावर कदाचित करील. म्हणजे गुन्हा घडण्याआधीच शिक्षा! गाइडे ज्याला थोर म्हणतात, त्याचा हा युक्तिवाद. आम्हांस कॅसियसच्या मत्सरापेक्षा याचेच भय अधिक वाटते.

दुसरा शब्द 'ऑनरेबल'. अँटनी तो ब्रूटसला पुन्हा पुन्हा लावतो आणि हळूहळू त्यातला जीव काढून घेतो. आम्ही एकदा 'माननीय ब्रूटस' म्हणालो, तर मुले पहिल्याच वेळी हसली. बॅनरबाजीने झिजलेला शब्द! इथे पहिल्यांदा तरी विश्वास बसायला हवा, उपरोध मागाहून यावा. 'इज्जतदार' म्हटल्यावर कोणी हसले नाही. हा शब्द उर्दूचाही आहे, मराठीचाही, आणि गल्लीत अजून त्याची किंमत आहे.

मराठीत हे नाटक काशिनाथ गोविंद नातूंनी १८७२ मध्ये 'विजयसिंग' या नावाने आणले. सीझरचा विजयसिंग करणे सोपे आहे. पण याच नाटकात एक प्रवेश असा आहे, की तिथे नावच जिवावर उठते.

तो प्रवेश तिसऱ्या अंकाचा शेवटचा. सांगणारे तो बहुधा गाळतात. अँटनीच्या भाषणाने पेटलेला जमाव रस्त्यात सिन्ना नावाच्या कवीला अडवतो. नाव काय, राहतो कुठे, लग्न झाले का, चालला कुठे? कटात एक सिन्ना होता. हा म्हणतो, मी तो नव्हे, मी कवी. जमाव म्हणतो, मग वाईट कवितांसाठी मारा. नाव तर तेच आहे ना? न्यूयॉर्कला १९३७ मध्ये ऑर्सन वेल्सने हाच प्रवेश आपल्या प्रयोगाचा कणा केला, तो उगाच नव्हे. घटकाभरापूर्वी अँटनीने ज्यांना देशबांधव म्हटले तेच हे लोक. त्यांना 'अवाम' म्हणावे की 'हुजूम'? आम्ही प्रवेशाच्या मध्यावर शब्द बदलतो.

गेल्या वर्षी हा प्रवेश सांगून झाला, तेव्हा वर्गात कोणी बोलेना. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, उस ने अपना असली नाम बताया क्यूँ?"