शेवटचा दिवस आणि मावंदें

महाविद्यालयांच्या वार्षिक अंकांत अलीकडे एक लेखप्रकार चांगलाच रूढ झाला आहे. विद्यार्थ्यांच्या तुकडीनें परदेशीं केलेल्या अभ्याससहलीचें वर्णन, हा तो प्रकार होय. पूर्वीं ही जागा वेरूळ-अजिंठ्याच्या किंवा रायगडच्या सहलीकडे असे. आतां ती सिंगापूर, दुबई, पॅरिस यांच्याकडे गेली आहे. या लेखांचा शेवटचा परिच्छेद बहुधा शेवटच्या दिवसाचा असतो, आणि तो कोणीही लिहिला तरी एकसारखाच उतरतो. सामान बांधून झालेलें असतें, सर्वांचें मिळून एक छायाचित्र निघतें, विमानतळाकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडकींतून शहर मागें मागें जाऊं लागतें, लेखकाचा पाय निघत नाहीं, डोळे पाणावतात, आणि ‘या आठवणी जन्मभर पुरतील’ अशा अर्थाच्या वाक्यानें लेख संपतो. असले लेख हंसून बाजूस सारणें सोपें आहे. परंतु एकच भावना इतक्या तरुण लेखकांना इतक्या वेळां व्हावी आणि ती प्रत्येक वेळीं इतक्या निर्जीव शब्दांत बाहेर पडावी, ही गोष्ट टीकाकारानें विचारांत घेण्याजोगी खास आहे.

ही भावना खोटी आहे काय? मुळींच नाहीं. खोटें आहे तें तिचें कारण. सहा-सात दिवस पाहिलेल्या, जेथील भाषा येत नाहीं, जेथील एकाही घरांत पाऊल टाकलेलें नाहीं, अशा शहराच्या विरहानें कोणाचे डोळे भरून येत नाहींत. येत असतील तर ते सोबत्यांसाठीं येतात, असें उत्तर कोणी देईल. पण येथेंच खरें कोडें आहे. ते सोबती तर त्याच विमानानें परतणार असतात आणि सोमवारीं त्याच वर्गांत, त्याच बाकांवर भेटणार असतात. मग वियोग झाला तो कोणाचा?

वियोग होतो तो त्या सात दिवसांत जमलेल्या एका लहानशा समाजाचा. वर्गांत ज्याचा आवाज कधीं ऐकूं आला नाहीं, त्याला परक्या शहरांतील भुयारी रेल्वेचा नकाशा सर्वांत आधीं कळतो, आणि वर्गाचा पुढारी मुकाट्यानें त्याच्या मागून चालूं लागतो. फर्डें इंग्रजी बोलणारी मुलगी आणि इंग्रजींत तोंड उघडण्यास भिणारी मुलगी एकाच खोलींत उतरतात, आणि तिसऱ्या दिवशीं त्यांच्यांतील भीति नाहींशी झालेली असते. पहिला बाक व शेवटचा बाक, वसतिगृह व बंगला, आडनांव व गांव, यांनीं आखलेल्या रेषा कांहीं काळ पुसट होतात. मुंबईच्या विमानतळावर पालक उभे असतात. तेथें त्या रेषा पुन्हां उमटतात. सोमवारीं तींच माणसें भेटतात, पण तो समाज भेटत नाहीं. भ्रमणध्वनीवर त्याच्या नांवाचा एक समूह उरतो, आणि तोही हळूहळू मुका होतो. शेवटच्या दिवसाच्या गोडींत जो कडवटपणा असतो तो याचाच. ज्याला हें उमगलें त्याला लेखाचा विषय सांपडला. ज्याला उमगलें नाहीं, तो आपलें दुःख मनोऱ्यांच्या आणि कारंजांच्या वर्णनाखालीं पुरून टाकतो.

हा विषय कलेस वर्ज्य नाहीं, हें दाखविण्यास एक फ्रेंच चित्रपट पुरेसा आहे. युरोपांतील विद्यार्थ्यांना एकमेकांच्या देशांत जाऊन शिकतां यावें म्हणून ‘इरॅस्मस’ नांवाची योजना १९८७ सालीं सुरू झाली. तिचा आधार घेऊन सेद्रिक क्लापिश या दिग्दर्शकानें २००२ सालीं ‘लोबेर्ज एस्पान्योल’ हा चित्रपट काढला. पॅरिसचा शाविए हा विद्यार्थी वर्षभरासाठीं बार्सिलोनास जातो आणि निरनिराळ्या देशांच्या विद्यार्थ्यांबरोबर एका बिऱ्हाडांत राहतो. तेथें भांडणें आहेत, प्रेमप्रकरणें आहेत, शीतकपाटांतील खणांच्या वांटण्या आहेत. परंतु वर्ष संपून शाविए घरीं येतो तेव्हां त्याला बार्सिलोनाच्या इमारती आठवत नाहींत. तो सोबत्यांचीं छायाचित्रें पुढें मांडून बसतो, आणि आपण आतां एक राहिलों नसून त्या सर्वांचे मिळून झालों आहों, असें त्याला वाटतें. भावनेला तिचें खरें कारण सांपडलें आहे, हें या प्रसंगाचें श्रेष्ठत्व. मात्र त्यापुढील निर्वाह मला पटत नाहीं. सरकारी कचेरींतील नोकरीच्या पहिल्याच दिवशीं शाविए पळ काढतो आणि लेखक होण्याचें ठरवितो. ज्यांना पळतां येत नाहीं, ज्यांना सोमवारीं त्याच बाकावर बसावेंच लागतें, त्यांच्या हातीं हा चित्रपट कांहीं देत नाहीं. परतणें हा पराभव आणि पलायन हा विजय, ही वांटणी फार स्वस्त आहे.

याच्या शेजारीं गटेचें ‘इटलीचा प्रवास’ हें पुस्तक ठेवून पाहावें. गटे हा कांहीं विद्यार्थी नव्हता. रोम सोडतांना तो अडतीस वर्षांचा होता. तरी तेथें तो तरुण जर्मन चित्रकारांच्या मेळ्यांत, एका अर्थीं विद्यार्थी होऊनच राहिला होता. १७८८ च्या एप्रिलांत त्यानें रोम सोडलें. जाण्यापूर्वींच्या चांदण्या रात्रीं तो शहरांत फिरला, आणि एकदां तर अगदीं एकट्यानें फिरला. लांबलचक कोर्सो रस्ता, कॅपिटोलची टेकडी, सेव्हेरसच्या कमानीची काळी सावली असें ओलांडीत तो कलोसियमपाशीं आला. बंद जाळीतून त्यानें आंत पाहिलें, त्याच्या अंगावर कांटा आला आणि तो घाईनें परतला. पाय निघत नव्हता, असें तो म्हणत नाहीं. उलट पाय लौकर उचलला, असें म्हणतो. त्या एका उलट्या तपशिलानें जें साधलें आहे तें अश्रूंच्या दहा ओळींनीं साधलें नसतें. पुढें त्याला ओव्हिडची आठवण होते. ओव्हिडला सम्राटानें रोममधून हद्दपार केलें होतें. गटे तर स्वदेशीं, आपल्या घरीं चालला होता. तरीही घरीं जाणाऱ्याच्या मनांत हद्दपाराची कविता यावी, यांत शेवटच्या दिवसाचें सगळें मर्म आलें. आणि ध्यानांत घ्यावयाची गोष्ट ही, कीं हा भाग प्रसिद्ध झाला तो १८२९ सालीं, म्हणजे एकेचाळीस वर्षांनंतर.

वार्षिक अंकाचा संपादक एकेचाळीस वर्षें थांबणार नाहीं, हें उघड आहे. येथें आपल्याच वाङ्मयांतील एक पुस्तक वाट दाखवितें. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं दक्षिणेच्या आशेनें उत्तर हिंदुस्थानांत गेले, बंडाच्या धामधुमींत सांपडले, झांशीचा वेढा त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला. ‘माझा प्रवास’ त्यांनीं १८८३ मध्यें लिहिला आणि चिंतामणराव वैद्यांनीं तो १९०७ मध्यें छापविला. वरसईच्या भिक्षुकाला तो मुलूख परदेशासारखाच होता. मिळविलेलें द्रव्य वाटेंतील लुटालुटींत गेलें. घरीं आली ती गंगेची कावड. त्या पाण्यानें त्यांनीं आईबापांना स्नान घातलें. त्यांच्या प्रवासाचा शेवटचा दिवस काशीस नाहीं, झांशीस नाहीं. तो वरसईस, स्वतःच्या घरीं आहे.

हा केवळ एका भटजींचा विशेष नव्हे. काशीयात्रेहून परतलेल्या माणसानें मावंदें घालावें, अशी आपल्याकडे रीत आहे. गंगापूजन होतें, आप्तेष्ट व शेजारीपाजारी जेवावयास येतात, आणि मगच यात्रा पुरी झाली असें समजतात. या रीतींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : यात्रा जो करतो त्याची एकट्याची ती नसते. मावंद्याच्या पंक्तीला बसतात ते मुख्यतः काशीस न गेलेले लोक.

आजच्या सहलीला मावंदें नाहीं, म्हणून तिचा शेवटचा दिवस विमानतळावरच अर्धवट राहतो, आणि लेखांतही अर्धवटच उतरतो. वास्तविक वार्षिक अंकांतील लेख हेंच तिचें मावंदें व्हावयास पाहिजे. त्या लेखाचा पहिला वाचक कोण, याचा विचार तरुण लेखकांनीं करावा. जे बरोबर होते त्यांना तो वाचण्याची गरज नाहीं. तो वाचणार आहे तो त्याच वर्गांतील, शेजारच्याच बाकावरचा, ज्याच्या घरीं सहलीच्या वर्गणीची गोष्ट निघाली आणि तेथेंच थांबली तो. अशा वाचकापुढें ‘पाय निघत नव्हता’ हें वाक्य ठेवणें म्हणजे उपाशी माणसाला आपल्या ढेकराचें वर्णन ऐकविणें होय. मनोऱ्याची उंची त्याला कोठेंही वाचावयास मिळेल. त्याला मिळणार नाहीं तें हें, कीं त्याचे सहाध्यायी सात दिवस एकमेकांशीं निराळ्या तऱ्हेनें वागले. तसें वागणें त्यांना शक्य होतें. आणि परतल्यावर त्यांतलें किती टिकलें, किती टिकूं दिलें गेलें नाहीं. हें सांगावयाचें तर लेखकाला सोमवारची सकाळही लिहावी लागेल, आणि ती लिहिणें विमानाच्या खिडकीपेक्षां पुष्कळ अवघड आहे. त्या रेषा पुन्हां उमटल्या तेव्हां आपण काय केलें, हा प्रश्न तेथें टाळतां येत नाहीं. पण न गेलेल्या सोबत्याला पंक्तीला बसवावयाचें असेल तर त्याच्या पानांत वाढण्यासारखें एवढेंच आहे.