मालक वय विचारीत नाही

सणासुदीला नोकरी गेलेल्या माणसाची गोष्ट काढू नये, असे घरातली वडीलधारी मंडळी म्हणतील. पण फराळाला जमलेल्या गोतावळ्यात असा एखादा काका किंवा मामा असतोच. तो आला की बोलणे दुसरीकडे वळते. त्याच्या निमित्ताने मी एका जुन्या नाटकाबद्दल लिहीत आहे.

आर्थर मिलर यांचे ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ 1949 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शब्दकोश शेजारी ठेवूनच मी ते वाचले. तेव्हा मी तिशीत होतो. नाटकाचा नायक विली लोमन मला बढाईखोर आणि रडका वाटला. त्याला काढून टाकणाऱ्या हॉवर्डचा राग आला नाही. माल खपत नसेल तर मालकाने करावे तरी काय?

यंदा ते पुन्हा वाचले. मधल्या काळात माझी 22 वर्षांची शिक्षकाची नोकरी गेली होती.

विली 63 वर्षांचा आहे. त्यांतली 34 वर्षे या एकाच पेढीत गेली. आता गाडी हाकवत नाही, म्हणून तो शहरातच बैठे काम मागायला जातो. हॉवर्ड त्याच्या जुन्या मालकाचा मुलगा, वय 36. तो आवाज टिपून घेणाऱ्या नव्या यंत्रात दंग आहे. त्यावर तो आपल्या मुलांचे आवाज ऐकवतो. विली आठवड्याचे 65 डॉलर मागतो, मग 50, मग 40. शेवटी होती ती नोकरीही गमावून बसतो.

या साऱ्या प्रवेशात हॉवर्ड वयाचे कारण एकदाही देत नाही. उलट बापाच्या वयाच्या या माणसाला तो पोराला मारावी तशी हाक मारतो. विलीची विक्री खरोखरच घटलेली आहे. मग त्याचे वय आड आले, असे कशावरून म्हणायचे? पूर्वी मला हा नाटकातला कच्चा दुवा वाटे. आज वाटते, मिलर यांचे बळ इथेच आहे. हॉवर्ड त्याला दोन उपदेश करतो: चांगली विश्रांती घे, आणि मुलांची मदत घे. पंचविशीतल्या नालायक विक्रेत्याला हे कोणी सांगेल काय? वय लपले आहे ते या गोड बोलण्यात.

मला शाल-श्रीफळ मिळाले. चिटणीस म्हणाले, “सर, आता लेखनाला वाहून घ्या.” मी सत्तेचाळीस वर्षांचा! माझ्या जागी आलेल्या तरुण बाईंकडे पदविका आहे, माझ्याकडे नाही, हे खरेच. पण 22 वर्षांत ती कोणी मागितली नव्हती. माझा संशय मला सिद्ध करता येत नाही, आणि तो जातही नाही. 1967 साली अमेरिकेत चाळिशीपुढच्या नोकरांना संरक्षण देणारा कायदा झाला. पण त्या कायद्यापुढेही हॉवर्डने विक्रीची वहीच उघडून दाखवली असती.

एक दोष मात्र सांगतो. अखेरचा दफनभूमीवरचा प्रवेश मला जादा वाटतो. आपण जे पाहिले तेच तिथे पात्रे समजावून सांगतात. त्याआधीचा चार्लीचा प्रसंग कितीतरी सरस आहे. हा शेजारी विलीला नोकरी देऊ करतो. विली त्याच्याकडून उसने पैसे घेतो, पण नोकरी नाकारतो. पूर्वी मी त्या हट्टाला हसलो होतो. मला एका मित्राने आपल्या लहानशा शाळेत, निम्म्या पगारावर बोलावले, तेव्हा होकार द्यायला मला तीन आठवडे लागले.

आता मी तिथे शिकवतो. तेव्हा यंदा तो काका घरी आला, तर त्याला विश्रांती घ्या म्हणू नका. इतकी वर्षे काय काम केले, ते विचारा आणि त्याला बोलू द्या.